उतरायचं कुठं?

दोस्तांनो, सहल ठरली की घरात सगळ्यात अवघड प्रश्न कोणता असतो, सांगा बरं! ‘काय काय बघायचं?’ हा? छे! अवघड प्रश्न असतो, ‘उतरायचं कुठं?’ मोठी माणसं यावर बोलायला लागली की आपण हळूच सटकतो. यंदा मात्र सटकू नका. मुक्कामाची जागा चुकली, तर पैसे जातात, वेळ जातो आणि आजीचे गुडघे दुखतात ते वेगळंच!

समजा, हिंगोलीचं एक कुटुंब छत्रपती संभाजीनगरला निघालंय. आई, बाबा, आजी आणि तुम्ही दोघं भावंडं. बघायचंय वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शनही घ्यायचंय. आपल्या औंढ्याच्या नागनाथासारखंच तेही ज्योतिर्लिंग, बरं का!

आता नकाशा उघडा. शहरापासून वेरूळ साधारण ३० किलोमीटर आणि अजिंठा साधारण १०० किलोमीटर, तेही वेगवेगळ्या रस्त्यांवर. दोन्हीकडे जाणाऱ्या एसटी गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटतात. म्हणजे एसटीनं फिरणाऱ्यांना स्थानकाजवळचा मुक्काम सोयीचा. अजिंठा निवांत बघायचा असेल, तर पायथ्याजवळच्या फर्दापूरलाही एक रात्र राहता येतं. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. वार न बघता खोली घेतली, तर खोलीतच बसावं लागेल!

आता जरा गणित. समजा, लांबच्या लॉजचं भाडं ९०० रुपये आणि स्थानकाजवळच्या लॉजचं १२०० रुपये. स्वस्त कोणता? घाई करू नका. लांबच्या लॉजवरून दिवसात चार वेळा रिक्षा करावी लागली आणि दर खेपेला १०० रुपये पडले, तर ९०० अधिक ४०० म्हणजे झाले १३०० रुपये. बघा, स्वस्त वाटलेलं महाग निघालं की नाही?

“पण मामाचं घर आहे की तिथं!” असं कुणीतरी म्हणेलच. मामाकडं जायला कुणाला आवडत नाही? पण मामाचं घर दोन खोल्यांचं असेल आणि ताईची दहावीची परीक्षा तोंडावर आली असेल, तर पाच पाहुणे कुठं मावणार? मामी ‘नाही’ म्हणणार नाही. म्हणून विचार आपणच करायचा. रात्री लॉजवर राहायचं आणि एक संध्याकाळ मामाकडं जेवायला जायचं. प्रेम काही कमी होत नाही!

लॉजवर फोन करताना हे प्रश्न विचारायला विसरू नका. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू असते का? (हा प्रश्न आजीसाठी.) गरम पाणी किती वाजता येतं? जादा गादीचे वेगळे पैसे पडतात का? सांगितलेल्या भाड्यात कर धरलाय का? भाडं २४ तासांचं, की दुपारी १२ वाजता खोली सोडायची? पहाटे पोचणाऱ्यांना हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. मोठ्यांची ओळखपत्रं बरोबर हवीतच. खोली आधी बघायची आणि मगच पैसे द्यायचे. आत गेल्यावर बाहेर पडायचा दुसरा जिनाही बघून ठेवायचा.

प्रवाशांच्या निवाऱ्याची काळजी माणसाला फार पूर्वीपासून आहे. संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. जर्मनीत रिखार्ड शिरमान नावाचे एक शिक्षक होते. १९०९ साली ते मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळी पावसात सापडले आणि त्या रात्री सगळ्यांनी एका शाळेत आसरा घेतला. अशी स्वस्त निवासस्थानं मुलांसाठी जागोजागी असावीत, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातूनच युवा वसतिगृहांची कल्पना जगभर पसरली.

आणि अजिंठा? तिथल्या बहुतेक लेण्या म्हणजे विहार, भिक्षूंची राहण्याची जागाच! बारा नंबरच्या लेण्यात गेलात, तर छोट्या खोल्यांमध्ये डोकावा. प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन पलंग दिसतील. दोन हजार वर्षांपूर्वीचा मुक्काम तो!

मग आता काय करायचं? एक कागद घ्या. दोन-तीन जागा लिहा आणि प्रत्येकीपुढं भाडं, रिक्षाखर्च, जिने आणि स्थानकापासूनचं अंतर मांडा. कागद बाबांच्या हातात देण्याआधी आजीला दाखवा. तिनं मान डोलावली, की समजा जागा ठरली!