आधी आईचे रडणे

आमच्या आळीत एक वहिनी राहत. त्यांचे तान्हे मूल पाळण्यात टाहो फोडी आणि त्या खिडकीतून रस्त्याकडे पाहत बसत. सारी आळी त्यांना 'दगडाच्या काळजाची' म्हणे. मीही म्हणत असे. पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासात सेल्मा फ्रायबर्ग यांच्या कार्याची ओळख झाली आणि त्या शब्दांची मला लाज वाटली.

आई व मूल यांच्यातील अनुबंधाची उपपत्ती जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडली. मूल आईला बिलगते ते केवळ दुधासाठी नव्हे. भय वाटले की आसरा घ्यायला त्याला खात्रीचे माणूस लागते. मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात व नंतर बाल्टिमोर येथे घरोघरी जाऊन निरीक्षणे केली. आई मुलाच्या हाकेला कशी ओ देते, यावर हा अनुबंध बराचसा अवलंबून असतो, असे त्यांना आढळले.

पण जिला ओ देताच येत नाही, त्या आईचे काय? अमेरिकेत मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे फ्रायबर्ग यांनी या प्रश्नाला हात घातला. १९७५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या निबंधात साडेपाच महिन्यांच्या एका मुलीची हकीकत आहे. मुलगी किंचाळत असे आणि आई शून्यात पाहत असे. तिला कोणी दोष दिला नाही की उपदेश केला नाही. उपचार करणारी बाई तिच्या घरी जाऊन, मूल समोर असतानाच, तिच्या बालपणाविषयी ऐकत राहिली. त्या बालपणी तिच्या रडण्याला कोणी ओ दिली नव्हती. ते दुःख बोलता बोलता आईला रडू फुटले, आणि रडतानाच ती मुलीला उचलून छातीशी धरू लागली. आईचे रडणे कोणी ऐकले, तरच तिला मुलाचे रडणे ऐकू येईल, हे या उपचाराचे सूत्र.

मात्र नुसत्या बोलण्याने भागत नाही. घरातील अडचणींत प्रत्यक्ष मदत करणे आणि बाळाची वाढ कशी होते ते समजावणे, हीदेखील याच कामाची अंगे आहेत. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे ॲलिशिया लीबरमन यांनी, घरात हिंसा पाहिलेल्या लहान मुलांसाठी व त्यांच्या आयांसाठी ही पद्धत वाढविली.

आमच्या आळीतल्या वहिनी यथावकाश बिऱ्हाड हलवून गेल्या. "वहिनी, तुम्ही जेवलात का?" एवढेही त्यांना कोणी विचारले नव्हते. मीही नाही.