सोवळ्यातलं सॉफ्टवेअर

१९९८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये मोजकी मंडळी एका बैठकीला जमली. नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा करून दोन आठवडेही झाले नव्हते. एक नावाजलेली कंपनी आपण होऊन दारात आली आहे, तर बाकीच्यांना आणायचं कसं, यावर खल चालला होता. क्रिस्टिन पीटरसन यांनी तिथं ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचवलं. ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हटलं की कंपन्यांच्या वरिष्ठांना एक तर फुकटेपणा दिसे, नाहीतर चळवळ. आणि दोन्ही त्यांना नको असे. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी लगोलग नव्या नावाची संस्थाही काढली. ज्यांनी हा सगळा उद्योग १९८३ मध्ये सुरू केला ते रिचर्ड स्टॉलमन त्या बैठकीत नव्हते. एप्रिलमध्ये टिम ओ’रायली यांनी भरवलेल्या परिषदेचं आमंत्रणही त्यांना गेलं नाही. वर्ष उलटलं तोच पेरेन्स नव्या संस्थेतून बाहेर पडले. पुन्हा स्वातंत्र्याबद्दल बोलायची वेळ झाली आहे, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं.

ही गोष्ट बहुधा तत्त्वनिष्ठ विरुद्ध बाजारू अशी सांगितली जाते. मला ती मांडणी कधीच पटलेली नाही. स्टॉलमन यांना पैशाचं वावडं नव्हतं. १९८५ मध्ये, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभी राहत होती तेव्हा, ते इमॅक्स या आपल्या एडिटरच्या टेप दीडशे डॉलरना विकत होते. त्यांचा आग्रह वेगळा होता: घेणाऱ्याला प्रोग्राम वाचता, बदलता आणि पुढे देता आला पाहिजे, आणि बदल करून वाटणाऱ्यानं तीच मोकळीक पुढच्याला दिली पाहिजे. जीपीएल हा परवाना याच अटीवर उभा आहे. उलट व्यवहारवाद्यांचे मेरुमणी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा दिलं तेव्हा त्यासाठी पैसे घ्यायलाच मनाई केली होती. ती अट काढून त्यांनी जीपीएल पत्करला तो १९९२ च्या सुरुवातीला. म्हणजे लिनक्स विकण्याची वाट व्यापाऱ्यांना मोकळी झाली ती सोवळ्या स्टॉलमन यांच्या परवान्यामुळे! आणि त्याआधीच, १९८९ साली निघालेली सिग्नस ही कंपनी स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पातल्या कंपायलरची देखभाल करून व्यवस्थित पैसे कमावत होती.

तेव्हा कंपनी हवी की नको, हा प्रश्न सुरुवातीपासून निकालात निघालेला होता. तरी पुढची पंचवीस वर्षं दोन्ही बाजू त्याच्यावरच भांडत राहिल्या. खरी मेख दुसरीकडे होती.

पहिला मोठा खटका डेस्कटॉपवरून उडाला. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅथियस एट्रिख यांनी लिनक्ससाठी सर्वसामान्यांना वापरता येईल असा केडीई हा डेस्कटॉप करायला घेतला आणि पाया म्हणून नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं क्यूट निवडलं. क्यूट फुकट मिळे, पण ते बदलून वाटायची परवानगी नव्हती. केडीईवाल्यांचं म्हणणं होतं की आज चांगलं आहे ते वापरू, उद्याचं उद्या. दुसऱ्या बाजूनं १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी निव्वळ क्यूटच्या परवान्यामुळे नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू केला. गंमत म्हणजे त्याच्या प्रोग्रामरांना पगार द्यायला पुढे आली ती रेड हॅट ही कंपनी. डेबियन या लिनक्स वितरणानं १९९८ मध्ये केडीई आपल्या संग्रहातून काढून टाकलं. अखेर ट्रोलटेक नमली आणि २००० च्या सप्टेंबरमध्ये क्यूट जीपीएलखाली आलं.

पण या सगळ्या रणधुमाळीत १९९८ मध्येच एक कागद झाला होता, ज्याची फारशी कुणी आठवण काढत नाही. केडीई आणि ट्रोलटेक यांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापलं आणि करार केला: कंपनीनं क्यूटची मुक्त आवृत्ती काढणं थांबवलं, तर ते क्यूट कोणालाही काहीही करता येईल अशा सैल परवान्याखाली सोडून देण्याचा हक्क या प्रतिष्ठानाला राहील. ट्रोलटेक पुढे नोकियानं घेतली, नोकियाकडून क्यूट डिजियाकडे गेलं, मग स्वतंत्र कंपनी झाली. करार प्रत्येक मालकाबरोबर पुढे गेला. २०२० मध्ये त्या कंपनीनं दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्या फक्त पैसे देणाऱ्यांसाठी ठेवल्या तेव्हा केडीईवाले चिडले, पण घाबरले नाहीत. कंपनीला किती ताणता येईल ते कागदावर लिहिलेलं होतं.

दरम्यान पैसा आला, आणि धो धो आला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये रेड हॅटचा १४ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५२ वर बंद झाला. डिसेंबरमध्ये व्हीए लिनक्सचा ३० चा शेअर २३९ वर गेला. पुढच्याच डिसेंबरात आयबीएमनं येत्या वर्षात लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करण्याचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर २००१ मध्ये लिनक्सला कॅन्सर म्हणाले. अशा वेळी सोवळ्यांचं कोण ऐकणार!

बिटकीपरचं प्रकरण मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यात दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबरही होत्या आणि चूकही. लिनक्सचा पसारा एवढा वाढला होता की जगभरून ईमेलनं येणारे बदल एकट्या टोरवाल्ड्स यांना झेपेनात. २००२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचं बिटकीपर हे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली. बिटकीपर उत्तम होतं आणि लिनक्सवाल्यांना फुकट दिलेलं होतं, पण बंदिस्त होतं, आणि फुकट वापरणाऱ्यानं त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचं नाही, अशी अट होती. मुक्त सॉफ्टवेअरचा मुकुटमणी बंदिस्त हत्यारानं घडवला जातोय, म्हणून स्टॉलमन आणि त्यांच्या बाजूच्यांनी आवाज उठवला. टोरवाल्ड्स यांचं उत्तर ठरलेलं होतं: जे काम करतं ते वापरतो. आणि काम खरोखरच वेगानं होऊ लागलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल मध्ये आले. विंडोजच्या मशिनांशी लिनक्सला बोलायला लावणारं सांबा लिहिणारे हेच. त्यांनी कधी बिटकीपर वापरलंच नव्हतं, म्हणून ती अट त्यांना लागू नव्हती. बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकेल असा छोटा मुक्त प्रोग्राम त्यांनी लिहायला घेतला. मॅकव्हॉय यांनी फुकट आवृत्ती बंद करून टाकली. टोरवाल्ड्स भडकले, आणि भडकले ते ट्रिजेल यांच्यावर. मग २००५ च्या एप्रिलमध्ये कॅनबेराच्या परिषदेत ट्रिजेल यांनी भर सभेत दाखवलं की आपण केलं तरी काय: सर्व्हरला टेलनेटनं जोडून घेतलं आणि ‘हेल्प’ असं टाइप केलं. सर्व्हरनं आपल्या आज्ञांची यादी स्वतःच समोर ठेवली.

त्याच महिन्याच्या ३ तारखेला टोरवाल्ड्स यांनी बिटकीपरच्या जागी गिट लिहायला घेतलं होतं. ७ तारखेला गिट स्वतःचाच कोड सांभाळू लागलं, आणि जूनमध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटवरूनच निघाली. व्यवहारवादी म्हणतात, बिटकीपर वापरलं म्हणून तर चांगलं हत्यार कसं असावं ते कळलं. सोवळे म्हणतात, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगलात म्हणून एका सकाळी उघड्यावर आलात. दोघांचंही खरं आहे. फक्त ट्रिजेल यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते अन्यायाचं होतं, असं माझं ठाम मत आहे. २०१६ मध्ये बिटकीपरचाही सोर्स कोड खुला झाला. तोवर त्याची गरज कुणाला उरली नव्हती.

पुढची लढाई जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीची. टिव्हो या टीव्ही रेकॉर्डरमध्ये लिनक्स होतं, त्याचा कोडही कंपनी देत होती, पण बदललेला कोड त्याच रेकॉर्डरवर चालू देत नव्हती. स्टॉलमन यांनी २००७ च्या नव्या परवान्यात ही पळवाट बुजवली. टोरवाल्ड्स म्हणाले, कोड परत मिळाला की माझा व्यवहार पुरा झाला. यंत्र कसं बनवायचं ते बनवणारा पाहील. लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच थांबलं. या कडक परवान्याची किंमतही चळवळीनं मोजली. जीएनयूचा जीसीसी हा कंपायलर नव्या परवान्यावर गेला तसा अॅपलनं त्याच्या ४.२ आवृत्तीपाशीच मुक्काम ठोकला आणि आपला पैसा एलएलव्हीएम आणि क्लँग या पर्यायांकडे वळवला.

पण समजा टोरवाल्ड्स यांना परवाना बदलायचाच असता, तर? जमलं नसतं. लिनक्समध्ये ज्याचा कोड त्याचाच कॉपीराइट राहतो. मालक हजारो आहेत, जगभर विखुरलेले, काही हयातही नाहीत. सगळ्यांची संमती कोण गोळा करणार? स्टॉलमन यांना आडवी आलेली हीच भिंत कंपन्यांनाही आडवी येते. आयबीएमनं २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली, मायक्रोसॉफ्ट २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली, पण लिनक्सचं दार लावून घेण्याची ताकद यातल्या एकीतही नाही.

ही भिंत जिथं नव्हती तिथं काय झालं, ते गेल्या काही वर्षांत दिसलं. मोंगोडीबी हे डेटाबेस सॉफ्टवेअर एजीपीएलखाली होतं. सोवळ्यांच्या पेटीतला तो सगळ्यात कडक परवाना. पण परवाना बांधून ठेवतो तो घेणाऱ्याला, मालकाला नव्हे. बाहेरून कोड देणाऱ्यांकडून कंपनीनं हक्क आधीच लिहून घेतलेले होते, त्यामुळे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिनं परवाना एकतर्फी बदलला. अॅमेझॉनसारखे क्लाउडवाले आमच्या कोडवर फुकट धंदा करतात, ही तिची तक्रार खोटी नव्हती. मग इलॅस्टिक ही कंपनी २०२१ मध्ये त्याच वाटेनं गेली, हॅशिकॉर्प २०२३ मध्ये, रेडिस २०२४ मध्ये. रेडिसचा जुना परवाना तर मुळातच इतका सैल होता की कुणाच्या सहीचीही गरज नव्हती. या तिन्ही वेळी जुन्या कोडवरून नवी फांदी फुटली: ओपनसर्च, ओपनटोफू, व्हॅल्की. त्यातल्या ओपनसर्चमागे अॅमेझॉन, तर व्हॅल्कीमागे अॅमेझॉनबरोबर गूगल आणि ओरॅकल. म्हणजे मुक्त परवान्याचा कैवार घ्यायला आता जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्या उभ्या! २०२४ च्या ऑगस्टमध्ये इलॅस्टिकनं आणि २०२५ च्या मे महिन्यात रेडिसनं पुन्हा मुक्त परवान्याचा, म्हणजे एजीपीएलचा, पर्याय दिला.

या बाबतीत सोवळ्यांचंही घर धुतल्या तांदळासारखं नाही. जीसीसीमध्ये कोड द्यायचा तर त्याचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागे. कोड मुक्तच ठेवू, असं वचन फाउंडेशन देई आणि तिनं ते पाळलंही. तरी सत्ता एका संस्थेच्या हाती होती. २०१९ मध्ये राजीनामा दिलेले स्टॉलमन २०२१ च्या मार्चमध्ये फाउंडेशनच्या मंडळावर परतले, त्यावरून गदारोळ झाला आणि रेड हॅटनं देणगी थांबवली. जूनमध्ये जीसीसीनं ही सक्ती काढून टाकली.

पैशाच्या बाबतीत मात्र व्यवहारवाद्यांना दाद द्यायला हवी. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक उघडकीला आली तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटची कुलपं ज्याच्या जिवावर आहेत त्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळते. २०२४ मध्ये एक्सझी या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी गुपचूप चोरदरवाजा बसवला होता, आणि तोही थकलेल्या एकट्या स्वयंसेवकाचा विश्वास संपादन करून. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो पकडला. ते मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी. लिनक्समधलं ऐंशी टक्क्यांहून जास्त काम पगारी माणसं करतात, असं लिनक्स फाउंडेशनचे अहवाल सांगत आले आहेत. नुसत्या निष्ठेवर हा डोलारा उभा राहिला नसता.

आपल्याला तर हे परक्याचं भांडण म्हणून सोडूनही देता येत नाही. लिनक्सवर देवनागरी वाचता यावी म्हणून वर्षानुवर्षं जो लोहित फाँट सगळ्यांकडे होता, त्याचे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे श्री-लिपीवाल्यांचे. रेड हॅटनं ते जीपीएलखाली मोकळे केले आणि २०११ मध्ये फाँटसाठीच्या वेगळ्या मुक्त परवान्याखाली आणले. डेस्कटॉप मराठीत आणण्याचं बरंचसं काम त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात पगारावर झालं. कंपनी नसती तर ते इतक्या लवकर झालं नसतं. आणि परवाना मुक्त नसता तर कंपनीचं लक्ष दुसरीकडे वळल्यावर ते तिच्याच कपाटात राहिलं असतं.

मराठीचे फाँट, शब्दकोश, स्पेलचेकर, आवाजाचे नमुने आजही अनेकजण हौसेनं आणि फुकट देत आहेत. त्यांना एवढंच सांगायचं आहे: परवान्याचं नाव पाहून हुरळून जाऊ नका. सही करायच्या कागदात हक्क सोपवण्याचं किंवा पुढे परवाना बदलू देण्याचं कलम आहे का ते पाहा. असेल, तर बदल्यात कोणतं वचन मिळतंय, ते लेखी आहे का आणि कंपनी उद्या विकली गेली तर नव्या मालकावर बंधनकारक राहील का, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.