गुणपत्रिकेआड दडलेले नैराश्य : बुद्धिमान विद्यार्थ्यांना ओळखावे कसे, सावरावे कसे?

गुणपत्रिकेतील आकडे नव्वदीच्या पुढे असले, की त्या मुलाची काळजी करण्याचे कारण घरात वा शाळेत कोणाला दिसत नाही. अभ्यास चालू आहे, गुण मिळत आहेत, म्हणजे सारे ठीक आहे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिक्षकांचे लक्ष लगेच जाते. पहिल्या बाकावरील विद्यार्थ्याला मात्र ‘तू बरा आहेस ना?’ असे क्वचितच विचारले जाते. बुद्धिमान विद्यार्थ्यांमधील नैराश्य पुष्कळदा उशिरा लक्षात येते, त्यामागे हा गैरसमज असतो. गुण टिकून असतानाही मन खचलेले असू शकते, हे पालकांनी व शिक्षकांनी प्रथम मान्य करावयास हवे.

प्रश्नाची व्याप्ती

बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने (निम्हान्स) केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निकालात या आकडेवारीची दखल घेताना परीक्षेतील अपयशाशी थेट जोडलेले मृत्यू २,२४८ असल्याचे नमूद केले. म्हणजेच बहुसंख्य घटनांत परीक्षेतील अपयश हे नोंदलेले कारण नव्हते. आत्महत्येमागे सहसा अनेक कारणे गुंतलेली असतात. परंतु केवळ नापास होणारे विद्यार्थीच संकटात असतात, हा समज या आकड्यांवरून टिकत नाही.

बुद्धी हे आजाराचे कारण नव्हे

अतिशय बुद्धिमान मुले मनाने दुबळी असतात, हा समज जुना आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. ही मुले सर्वसाधारणपणे निरोगी व समाजात सामावलेली असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी मुले निवडताना शिक्षकांच्या शिफारशींवर भर दिल्यामुळे या निष्कर्षांना मर्यादा आहेत. तरीही केवळ बुद्धी अधिक असल्याने नैराश्य येते, असे पुढील संशोधनातूनही सिद्ध झालेले नाही. त्याचबरोबर, बुद्धी अधिक असली म्हणून नैराश्यापासून संरक्षण मिळते, असेही नाही. आनुवंशिकता, घरातील ताण, एकटेपणा, छळ, आजारपण, अपुरी झोप हे घटक इतरांप्रमाणेच या मुलांवरही परिणाम करतात. फरक इतकाच, की त्यांच्यातील आजार झाकला जाण्याची शक्यता अधिक असते.

ताण नेमका कोठून येतो?

पहिला स्रोत परिपूर्णतेचा हव्यास हा होय. उत्तम काम करण्याची इच्छा हितकारकच असते. मात्र एक गुण कमी पडला तरी आपण निकामी ठरलो, असे वाटू लागले की ती इच्छा मनाला पोखरू लागते. अशा मुलाला यशाचा आनंद होत नाही, केवळ सुटल्यासारखे वाटते, आणि लगेच पुढील परीक्षेची धास्ती सुरू होते.

दुसरा स्रोत अचानक बदलणाऱ्या तुलनेचा आहे. गावातील वा शहरातील शाळेत सर्वांच्या गळ्यातील ताईत असलेला विद्यार्थी कोटा, हैदराबाद, पुणे किंवा दिल्लीतील नामांकित वर्गात पोहोचतो, तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला प्रत्येक जण आपापल्या शाळेतील पहिला असतो. निवडक विद्यार्थ्यांच्या गटात गेल्यावर तेवढ्याच क्षमतेच्या विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे मत घसरते, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांतून दाखवून दिले आहे. आपल्याकडे या अनुभवाला जागांच्या टंचाईची जोड मिळते. २०२४ च्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेस सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले आणि आयआयटींतील जागा होत्या १७,७४०. यांपैकी प्रत्येक जण आधीची चाळणी पार करून आलेला होता. जागा न मिळालेले दीड लाखाहून अधिक विद्यार्थी बुद्धीने कमी होते, असे म्हणता येणार नाही.

तिसरा स्रोत कौतुकाच्या पद्धतीत आहे. ‘तू हुशारच आहेस’ हे वाक्य मुलाला सुखावते. परंतु त्याची सारी ओळख हुशारीवर उभी राहिली, तर पहिले अपयश ती ओळखच हिरावून घेते. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांनी अपयशानंतर लवकर माघार घेतली, तर मेहनतीची स्तुती झालेल्या मुलांनी अधिक चिकाटी दाखविली, असे आढळले.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. या मुलांची वैचारिक झेप आणि भावनिक वय यांत अंतर असू शकते. बारा वर्षांचे मूल मृत्यू, अन्याय किंवा पर्यावरणाचा ऱ्हास यांवर प्रौढांसारखी चर्चा करू शकते. मात्र त्यातून येणारी अस्वस्थता पेलण्याची त्याची ताकद बारा वर्षांच्या मुलाचीच असते.

लक्षणे कशी ओळखावीत?

उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ दररोज टिकले, आणि त्याबरोबर झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांत बिघाड दिसू लागला, तर वैद्यकीय दृष्ट्या नैराश्याचा विचार केला जातो. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिड अधिक दिसू शकते. डोकेदुखी, पोटदुखी अशा तक्रारी वारंवार होतात.

बुद्धिमान मुलांच्या बाबतीत गुणांपेक्षा वागणुकीतील बदल अधिक बोलका असतो. आवडीचे पुस्तक, वाद्य, खेळ किंवा मित्रमंडळ सुटणे. पूर्वी तासाभरात होणाऱ्या अभ्यासाला चार तास लागणे आणि ते लपविण्यासाठी रात्री जागणे. चूक होईल या भीतीने काम सुरूच न करणे. ‘मी सर्वांना फसवत आहे, मला खरे काही येत नाही’ असे म्हणणे. विनोदाच्या आवरणाखाली स्वतःची सतत अवहेलना करणे, ही त्याची चिन्हे होत. गुण घसरतात ते अनेकदा सर्वांत शेवटी. त्यामुळे गुणपत्रिकेची वाट पाहण्यात मौल्यवान काळ जातो.

जगण्यात अर्थ नाही, आपण सर्वांवर ओझे आहोत, असे बोलणे, निरोपाची भाषा करणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी मुलाला एकटे न ठेवता त्वरित मदत घ्यावी.

घरात बोलावे कसे?

संवादाची सुरुवात निरीक्षणातून करावी. ‘गेले काही दिवस तू नीट झोपत नाहीस, तबल्यालाही हात लावला नाहीस; तुला बरे वाटत नाही का?’ असा प्रश्न मुलाला बोलते करतो. ‘तुला काय कमी आहे?’ किंवा ‘आमच्या वेळी तर…’ ही वाक्ये दार बंद करतात. बुद्धिमान मूल युक्तिवादात पालकांना सहज निरुत्तर करू शकते. म्हणून वाद जिंकण्याचा प्रयत्न न करता ऐकून घ्यावे. आत्महत्येचे विचार मनात येतात का, असे शांतपणे व थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट केले आहे. उलट, मनातील ओझे कोणापाशी तरी उतरविता येते, याचा त्याला धीर मिळतो.

निकालापूर्वीच मुलाला सांगावे, की या घरातील त्याचे स्थान गुणांवर ठरत नाही. निकालानंतर सांगितलेले हेच वाक्य अनेकदा केवळ सांत्वन वाटते.

शाळा व शिकवणी वर्गांची जबाबदारी

सर्वोच्च न्यायालयाने उपर्युक्त निकालात शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग या सर्वांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा; लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध ठेवावेत; कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या तुकड्या पाडणे, त्यांना चारचौघांत लज्जित करणे आणि कुवतीपलीकडील उद्दिष्टे देणे टाळावे, असेही न्यायालयाने सांगितले. ‘टॉपर’ तुकडीतून खाली ढकलले जाण्याच्या भीतीत वावरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना पूरक शिक्षण व मार्गदर्शन देण्याची शिफारस आहे. वैद्यकीय सल्ला मिळाल्यास परीक्षेची वा प्रकल्पाची मुदत वाढविणे, अभ्यासाचा भार काही काळ कमी करणे या सवलती शाळांनी संकोच न करता द्याव्यात. मात्र मुलाच्या आवडीचा, बुद्धीला आव्हान देणारा विषय सरसकट काढून घेऊ नये. अनेकदा तोच त्याचा आधार असतो.

उपचार आणि मदत

नैराश्य उपचारांनी बरे होऊ शकते. विचारांचा व वागणुकीचा साचा बदलण्यास साहाय्य करणारी मानसोपचार पद्धती किशोरवयीनांसाठी उपयुक्त ठरते. आजार मध्यम वा तीव्र असल्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधे सुचवितात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. विशेषतः सुरुवातीच्या काळात मुलावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते आणि औषधे स्वतःहून बंद करता येत नाहीत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा अधिकार रुग्णाला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे हा कायदा गृहीत धरतो. त्यामुळे पोलीस किंवा बदनामीच्या भीतीने मदत लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६ या क्रमांकांवर चोवीस तास संपर्क साधता येतो. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ही सेवा उपलब्ध असल्याने परराज्यात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनाही आपल्या भाषेत बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे. मूल घरापासून दूर शिकत असेल, तर हे क्रमांक त्याच्या भ्रमणध्वनीत आजच नोंदवून द्यावेत आणि त्याच्याशी बोलताना परीक्षेपूर्वी त्याची स्वतःची विचारपूस करावी.