शॉर्टवेव्ह रेडिओ आणि सेलांचा जमाखर्च

गेल्या आठवड्यात वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर कपाटातून काढला, तेव्हा ज्या यंत्राने बालपणी आम्हांला रात्ररात्र दूरदेशींचे ध्वनी ऐकवले, त्याच्या स्प्रिंगा आत विसरलेल्या सेलांनी पाझरून पार खाऊन टाकल्याचे पाहून मन विषण्ण झाले.

स्वस्त झिंक-कार्बन सेलाचे जस्ती आवरण हाच त्याचा ऋण ध्रुव. वापरासरशी ते झिजते आणि अखेर फुटते. म्हणून महिनाभर रेडिओ लावायचा नसेल, तर सेल काढूनच ठेवावेत.

आता खर्चाचा तपशील. काटा फिरवून स्टेशन लावण्याच्या साध्या संचात आवाज जितका मोठा, तितका विद्युत्‌प्रवाह अधिक. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल संचात मात्र आवाज मंद असला तरी आतील मंडले आपला ठरीव वाटा घेतच राहतात. संच ८० मिलिअँपिअर घेत असेल आणि सेलांची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास असेल, तर हिशेब सुमारे २५ तासांचा होतो. पडद्यामागील दिवा बंद ठेवला आणि इअरफोन लावला, तर त्यात निश्चित भर पडते.

पुनर्भरणाचे निकेल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, या सबबीवर पुष्कळजण ते नाकारतात; परंतु अल्कलाइन सेलाचा दाब वापरात सतत उतरत जातो, निकेलाचा बहुतांश काळ स्थिर राहतो, हे ध्यानात घेता माझा कौल निकेललाच आहे.

आपल्या संचाविषयी काही शंका असल्यास अवश्य विचारावी.