पिशवी सुजली म्हणून काढायचीच का?

पाळीत अंगावरून खूप जातं, गाठी पडतात, ओटीपोट आणि कंबर दुखून जीव नकोसा होतो. हरसूल भागातून द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जाणाऱ्या बाया हे सोसत बागेत उभ्या राहतात. सोनोग्राफी झालीच, तर कागदावर ‘बल्की यूटरस’ येतं आणि घरात बोललं जातं: पिशवी सुजलीय, काढून टाका.

या सुजेमागे बऱ्याचदा अ‍ॅडिनोमायोसिस असतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी स्नायूंच्या भिंतीत शिरतात, संप्रेरकांमुळे तिथेही वाढतात, भिंत जाड होते. हा कर्करोग नव्हे. पूर्वी काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान पक्कं होई. आता योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय पुरतो.

उपचाराआधी रक्त तपासायलाच हवं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ च्या खाली म्हणजे धोका. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही तपासावा, कारण त्यावर औषधाची निवड बदलते. लोहाच्या गोळ्या, दुखण्यावर मेफेनामिक अ‍ॅसिड, जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, ही सुरुवात. पुढे डायनोजेस्टसारखी संप्रेरकाची गोळी किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलची तांबी. नेहमीच्या तांब्याच्या तांबीने रक्तस्राव वाढू शकतो. ही संप्रेरकाची तांबी मात्र अस्तर पातळ ठेवते आणि पाच वर्षं तरी काम करते. पहिले काही महिने थोडं थोडं डागतं. हे आधी सांगितलं नाही, तर बाई घाबरून ती काढून घेते. मूल हवं असेल, तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावं. सगळे उपायच बदलतात.

पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेने हा आजार कायमचा संपतो, आणि काहींना तीच योग्य असते. पण बीडची गोष्ट विसरता येत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत तिथल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणाऱ्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. म्हणून सही करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं आणि विचारावं: अंडाशयही काढणार का? तीही गेली, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात.

पाळी थांबली की हा त्रास सहसा आपोआप ओसरतो. पंचेचाळिशीतल्या बाईला मधली वर्षं तांबीवर निभावता येतात. मात्र पाळी वर्षभर थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर वाट न पाहता तपासून घ्यावं.