चायनीजच्या पानावरचे थाई

अहिल्यानगरच्या सावेडी, गुलमोहर रोड भागातल्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये थाई पदार्थ शोधायचा तर बहुधा मेन्यू कार्डाचे चायनीजचे पान उघडावे लागते. शेझवान राइस, हक्का नूडल्स यांच्या खाली कुठेतरी एखादी थाई करी, एखादे सूप असते. हा शेजार चुकीचा आहे. चायनीज म्हणून आपल्याकडे जे खाल्ले जाते त्याची सगळी मदार सोया सॉस, व्हिनेगर आणि मोठ्या आचेवर. थाई स्वयंपाक उभा राहतो तो वाटणावर. खरे तर त्याने मालवणी रश्श्याच्या शेजारी बसायला हवे.

हिरव्या करीच्या वाटणात हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, धने-जिरे, कोथिंबिरीची मुळे, माक्रुत नावाच्या खडबडीत लिंबाची साल, गवती चहा, गलांगल आणि खारवलेल्या कोळंबीची पेस्ट एवढे जिन्नस पडतात. यातले निम्म्याहून अधिक नगरच्या भाजीबाजारात रोज मिळतात. गवती चहा तर कित्येकांच्या परसात असतो; मात्र आपण त्याची पात चहात घालतो, तर थाई स्वयंपाकी बुडखा वाटणात घेतो. गलांगल म्हणजे आल्याच्या कुळातला कंद. काष्ठौषधीच्या दुकानात ते कुलिंजन या नावाने वाळलेले मिळते, पण त्याला ताज्याची सर नाही.

हे वाटण दगडी खलात कुटतात. नारळाचे घट्ट दूध कढईत आटवून त्याला तेल सुटू देतात आणि त्या तेलात वाटण परततात. खमंग वास आला की पातळ दूध, मग चिकन किंवा भाजी, आणि शेवटी मासळीचा सॉस, ताडगूळ व बेसिलची पाने. नीट जमलेल्या करीवर हिरवट तवंग दिसतो. करी पांढुरकी, गुळगुळीत आणि चमच्याला चिकटणारी असेल, तर आत कॉर्नफ्लोअर आहे असे खुशाल समजावे. लाल करीत हिरव्याऐवजी सुक्या लाल मिरच्या येतात. मस्समान करीचा संबंध मुस्लिम व्यापाऱ्यांशी जोडला जातो; तिच्यात वेलची, दालचिनी, लवंग, बटाटा आणि शेंगदाणे असल्याने ती मराठी जिभेला सर्वांत आधी आपली वाटते.

मिरची मात्र ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातून निघाली आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून आशियात पसरली. गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतला आणि १५११ मध्ये त्यांचा दूत सयामची राजधानी अयुथ्या येथे पोहोचला. त्यापूर्वी दोन्हीकडचा तिखटपणा मुख्यतः मिरीवर भागत होता.

पाद थाई हा पदार्थही वाटतो तितका जुना नाही. १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असलेल्या फिबुनसोंगखराम यांनी राष्ट्रवादी मोहिमेत तो देशभर नेला. सयामचे थायलंड हे नामांतर १९३९ मधले, त्याच राजवटीतले. तांदळाच्या शेवया मुळात चिनी धाटणीच्या. त्यांना थाई केले चिंचेचा कोळ, ताडगूळ, मासळीचा सॉस आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाने. चिंच, गूळ, दाण्याचा कूट यांची नगरच्या घरात वानवा नसते. तरीही टोमॅटो केचप घालून केलेली लालभडक पाद थाई समोर येते तेव्हा नवल वाटते.

शाकाहाऱ्यांची अडचण वेगळी. मासळीचा सॉस म्हणजे छोटी मासळी मिठात घालून महिनोन्‌महिने मुरवून काढलेले पाणी, आणि थाई जेवणातला खारटपणा बव्हंशी त्याचाच. बँकॉकमध्ये नुसती भाजी मागितली तरी तो आत असू शकतो. आपल्याकडच्या प्युअर व्हेज हॉटेलांत त्याच्या जागी मीठ आणि सोया सॉस येतो. चव उणी पडते, पण पथ्य पाळले जाते. दुसरा पेच तुळशीचा. पाद क्रापाओ या पदार्थात खिम्यासोबत चक्क तुळशीची पाने परततात. थाई बेसिल ही मात्र सब्जाच्या रोपाची जात, म्हणून तिच्यावर भागवणे इथे सोयीचे.

महाराष्ट्रात हे जेवण वरून खाली झिरपले. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ मध्ये थाई पॅव्हिलियन सुरू झाले. त्याचे शेफ आनंद सॉलोमन हे त्याच हॉटेलातल्या कोकण कॅफेचेही शेफ होते, आणि नारळाच्या दुधाशी जुनी ओळख असलेल्या माणसाकडे थाई स्वयंपाक जावा यात आश्चर्य नाही. पुण्याच्या कोरेगाव पार्कमध्ये १९९७ मध्ये चंदावरकर दांपत्याने मलाका स्पाइस उघडले आणि आग्नेय आशियाची चव तारांकित हॉटेलाबाहेर, गल्लीतल्या टेबलावर आली. थायलंड सरकारनेही २००२ मध्ये परदेशी थाई रेस्टॉरंटांना बळ देण्याची मोहीम काढली. ‘थाई सिलेक्ट’ हे सरकारी प्रमाणचिन्हही आहे.

पुण्याहून नगर जेमतेम सव्वाशे किलोमीटर, पण ताजे गलांगल आणि माक्रुतची पाने एवढा प्रवास रोज करत नाहीत. दिवसाकाठी चार प्लेट खपणार असतील तर मालकाला डब्यातली तयार पेस्टच परवडते. तीही वाईट नसते, फक्त ती नारळाच्या दुधात नीट परतायला हवी. पाण्यात ढवळली की काम बिघडते.

अशा ठिकाणी पारख करायला तोम याम सूप बरे. कोळंबीच्या तोम यामची युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. ते पातळ, आंबट, झणझणीत असते आणि त्यात गवती चहाचे तुकडे दिसतात. हे तुकडे बाजूला काढायचे असतात. मॅनचावसारखे दाट सूप आले, तर पुढची ऑर्डर शेझवानची दिलेली बरी. सूप जमलेले असेल तर करी निर्धास्त मागवावी, सोबत फ्राइड राइस न घेता साधा वाफाळता भात घ्यावा आणि तो चमच्याने खावा. थाई माणूसही तसाच खातो. चॉपस्टिक्स तो शेवयांपुरत्या हातात घेतो.