सीपीयूतून आवाज येतोय!

"आमच्या सीपीयूतून कसलातरी आवाज येतोय," एवढंच सांगून फोन ठेवणारं गिऱ्हाईक कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला काहीच सांगत नसतं. घरघर आहे की टिकटिक? सुरू केल्याकेल्या येतो आणि मग थांबतो, की मुलानं गेम लावल्यावरच येतो? कॅबिनेटच्या पत्र्यावर हात दाबून धरला तर बदलतो का? एवढं कळलं तरी स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं. आणि बहुतेक घरांत याबाबतची भीती नेमकी उलटी असते. कॉम्प्युटर जितका मोठ्यानं ओरडतो, तितका बिघाड बहुधा स्वस्तातला असतो. खिसा कापतो तो आवाज कान देऊन ऐकावा लागतो.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये हलणाऱ्या वस्तू मोजक्याच. प्रोसेसरवरचा पंखा, कॅबिनेटचे एक-दोन पंखे, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या पोटातला पंखा, ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचे पंखे, आणि हार्ड डिस्क. डीव्हीडी ड्राइव्ह नव्या मशीनमधून हद्दपारच झाला. संशयितांची यादी इतकी छोटी असताना पहिला संशय पंख्यावर घ्यावा. तो सहसा चुकत नाही.

स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे धातूच्या बारीक नळीत तेलाच्या पातळ थरावर फिरणारा दांडा. वर्षानुवर्षं गरम हवेत राहून तेल आटतं, नळी झिजते आणि दांडा डुगडुगायला लागतो. याची खूण ठरलेली आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी मशीन सुरू केलं की घर्रर्र, आणि थोड्या वेळानं तेल गरम होऊन पातळ झालं की सगळं शांत. घरचे म्हणतात, बरं झालं आपोआप. झालेलं काही नसतं. पंख्यानं फक्त मुदत मागून घेतलेली असते.

दुसरं कारण धूळ. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा नमदा बसला की उष्णता बाहेर पडत नाही, मग मदरबोर्ड पंख्याला आणखी जोरात पळवतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो, आणि दहा डेसिबलची वाढसुद्धा कानाला जवळजवळ दुप्पट वाटते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतली हवाच चाळिशीला टेकते. तीच हवा आत ओढून चिप थंड करायची म्हटल्यावर पंखा बोंब मारणारच. त्यात बिघाड शोधत बसू नये. साफसफाई करताना मात्र ब्लोअरचा झोत मारण्याआधी पंख्याची पाती बोटानं धरून ठेवावीत. नाहीतर ती नेहमीच्या वेगाच्या पुढे भिरभिरतात आणि होतं नव्हतं ते बेअरिंगही जातं.

टर्रर्र असा एकसुरी, खेळण्यातल्या भिरभिऱ्यासारखा आवाज आला तर तो बहुधा बिघाडच नसतो. आतली एखादी वायर सुटून पात्यांना घासत असते. एका झिप-टायचं काम.

हे सगळं ओळखायचं कसं? नुसत्या कानावर विसंबलं तर फसगत होते, कारण टेबलाखालच्या कॅबिनेटचा आवाज भिंतीवर आपटून भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. त्यावर साधा उपाय म्हणजे वर्तमानपत्राची सुरळी. एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं टोक, पात्यांना न लावता, एकेका पंख्यापाशी न्यायचं. ज्याच्यापाशी घरघर एकदम कानात भरते, तो गुन्हेगार. खात्री करायची तर मशीन बंद करून, प्लग काढून, त्या कॅबिनेट पंख्याचा तीन किंवा चार पिनांचा कनेक्टर सोडवायचा आणि पुन्हा सुरू करून ऐकायचं. प्रोसेसरच्या पंख्याशी मात्र हा खेळ नको. तो फिरत नाही असं दिसलं की बरेच मदरबोर्ड पुढे जायलाच नकार देतात, आणि ते शहाणपणाचंच आहे.

गुन्हेगार सापडल्यावर जुने मेकॅनिक पंख्याच्या मधोमध असलेला गोल स्टिकर नखानं उचलतात, खालचं छोटं रबरी बूच काढतात आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतात. एकच. जास्त झालं तर ते पात्यांवरून उडून बोर्डावर सांडतं. घरात सापडतं म्हणून काहीजण खोबरेल तेल घालतात. ते हिवाळ्यात थिजतं आणि पंखा आणखीच कण्हतो. तेलानं काही महिने निघतात, फार तर वर्ष. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १२० मिलिमीटरचा नवा पंखा काही शे रुपयांत मिळत असताना त्यापेक्षा जास्त लाड करण्यात अर्थ नाही. घरघर एसएमपीएसमधून येत असेल तर तो उघडायच्या फंदात पडूच नये. आपल्या २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतो.

आता तो कान देऊन ऐकायचा आवाज. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी सेकंदाला १२० फेरे मारते आणि तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून हेड फिरत असतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फाइल उघडताना येणारी बारीक कुरकुर ही हेडच्या धावपळीची, त्यात काळजीचं काही नाही. काही डिस्क वीज वाचवण्यासाठी हेड बाजूला नेऊन ठेवतात, तेव्हाही एखादी टिक ऐकू येते. पण टक्… टक्… टक्… अशी घड्याळासारखी लय लागली आणि मशीन अडखळायला लागलं, तर समजावं की हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत; ते परत मागे जातंय आणि पुन्हा प्रयत्न करतंय.

आयबीएमची २००० साली आलेली डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही डिस्क याच टकटकीसाठी इतकी बदनाम झाली, की लोकांनी तिचं नाव डेथस्टार पाडलं आणि अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं.

अशी टकटक सुरू झाल्यावर डिस्क वारंवार बंद-चालू करून बघणं हे सगळ्यात वाईट. कॉम्प्युटरला डिस्क दिसत असेल तर आधी लग्नाचे फोटो आणि टॅलीचा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. दिसतच नसेल तर वीज काढावी आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना तोडगा अजून सांगितला जातो, पण बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरतं हे सांगणारा विसरतो. "सॉफ्टवेअर तर डिस्क ठीक म्हणतंय," या उत्तरावरही झोपू नये. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी स्मार्ट या त्यांच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेत आधी कसलीच तक्रार नोंदवलेली नव्हती.

डिस्कचं आवाजाशी नातं उलट्या दिशेनंही चालतं. सन मायक्रोसिस्टिम्सचा इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग २००८ मध्ये सर्व्हरच्या डिस्कसमोर उभा राहून चक्क ओरडला, आणि डिस्कचा वेग मंदावल्याचा आलेख स्क्रीनवर उमटला. रुमानियात याचंच मोठं रूप दिसलं. १० सप्टेंबर २०१६ रोजी बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅस यंत्रणेची चाचणी घेतली. गॅस सुटताना १३० डेसिबलच्या वर आवाज झाला, त्याच्या कंपनांनी डझनावारी डिस्क खराब झाल्या आणि बँकेची कार्डं, एटीएम सुमारे दहा तास ठप्प. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेनने २०२२ मध्ये लिहिलेला किस्सा तर आणखी अजब आहे. जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' लावलं की काही जुने लॅपटॉप बंद पडत, इतकंच नाही तर शेजारी नुसता ठेवलेला लॅपटॉपही मान टाकत असे. आतल्या ५४०० आरपीएमच्या डिस्कची नैसर्गिक कंपनसंख्या त्या गाण्यातल्या सुरांशी जुळत होती. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं शेवटी तेवढेच सूर गाळणारा फिल्टर लॅपटॉपच्या ऑडिओत घातला.

हलणाऱ्या वस्तू संपल्या, तरी आवाज संपत नाहीत. ग्राफिक्स कार्डातून कधीकधी चीं असा बारीक आवाज येतो, माऊस हलवला तरी बदलणारा. तिथे फिरणारं काही नसतं. विजेचा प्रवाह झपाट्यानं कमीजास्त होताना कॉइलची तार थरथरते. गेमच्या नुसत्या मेनूवर कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं, तेव्हा हा आवाज टिपेला जातो. सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० केली की बहुतेकदा तो दबतो. हा बिघाड नाही, आणि घरातल्या सगळ्यांना तो ऐकूही येत नाही, कारण वयानुसार वरच्या पट्टीचं ऐकू येणं आधी कमी होतं. नातू कान झाकून बसतो आणि आजोबांना कळत नाही काय झालं. चार पिनांच्या पंख्याला वेग सांगणारा सिग्नल म्हणूनच २५ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवतात. २० किलोहर्ट्झच्या वरचं माणसाला सहसा ऐकू येत नाही. कॉइलसारख्या भागांच्या या किणकिणीतून चोरीही होऊ शकते. अदी शामिर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लॅपटॉपजवळ मोबाइल ठेवून, आतल्या भागांचे असेच आवाज टिपले आणि त्यांवरून आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीची ४०९६ बिटची गुप्त किल्ली शोधून दाखवली. आरएसएमधला एस म्हणजे हेच शामिर.

शिवाय बऱ्याचदा कॅबिनेट निर्दोषच असतं. स्पीकरमधली घूंऽऽ ही घरच्या ५० हर्ट्झच्या विजेची आणि ढिसाळ अर्थिंगची. फोन वाजायच्या क्षणभर आधी येणारी टिर्र-टिर्र-टिर्र ही टूजी मोबाइलची. टेबलाखालून येणारी खट्-खट् ही यूपीएसच्या रिलेची, व्होल्टेज वरखाली झालं की तो उड्या मारतो. वीज असतानाही यूपीएस पीप-पीप करत असेल तर आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपलेली असते, आणि ती घरीच बदलता येते. लोक मात्र कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेतात. तिथे ते तासभर बिनतक्रार चालतं, दुकानदार तपासणीचे पैसे घेतो, आणि यूपीएस घरी टेबलाखालीच राहिलेला असतो.